गाण्याच्या शेवटी नाव कशासाठी?

मागच्या भागात आपण दूध संकलनाच्या हिशोबाबद्दल बोललो. आज विषय गाण्याचा आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात गाणं कशाला? पण गाणं हीसुद्धा कमाई आहे. ते कुणीतरी रचतं, कुणीतरी गातं, त्याचे पैसे कुणालातरी मिळतात आणि त्यावर नाव कुणाचंतरी लागतं. ज्याने रचलं त्यालाच पैसे मिळतात का, त्याचंच नाव लागतं का, हे आज समजून घेऊ. त्यासाठी आम्ही लोककवी वामनदादा कर्डक यांचं उदाहरण घेतलं आहे.

वामनदादांची गाणी आपल्यापैकी बहुतेकींच्या कानावर आहेत. 14 एप्रिलला गावात मिरवणूक निघते, रात्री गायन पार्टी बसते, तेव्हा निम्मी गाणी त्यांचीच असतात. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनाला, आपल्या शहरात विद्यापीठाच्या कमानीसमोर लोक जमतात, तिथेही त्यांची गाणी ऐकू येतात. गाणं पाठ असतं, पण ते रचणारा माणूस कोण, कसा जगला, हे फारसं माहीत नसतं.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. घरची गरिबी होती, शाळा झाली नाही. लहानपणी गुरं राखली, पुढे पोटासाठी मुंबई गाठली. तिथे गिरणीत आणि मिळेल तिथे मजुरी केली. तोवर त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका माणसाने त्यांच्याकडे पत्र वाचायला दिलं आणि त्यांना ते वाचता आलं नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलं. मग चाळीतल्या देहलवी मास्तरांकडे ते मुळाक्षरं शिकले आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरं पक्की केली.

आपल्या गटात अशा किती जणी आहेत बघा. आधी अंगठा, मग थरथरत्या हाताने सही, मग हळूहळू पासबुकातली नोंद वाचणं. मोठ्या वयात अक्षर शिकायचं म्हणजे काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वामनदादांनी त्या अक्षरांतून गाणी लिहिली. पहिलं गाणं 3 मे 1943 चं. एका हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर केलेली ती थट्टेची रचना होती. लोक हसले, लोकांना आवडलं, आणि तिथून जे सुरू झालं ते 15 मे 2004 ला त्यांचं निधन होईपर्यंत थांबलं नाही. त्यांनी दहा हजारांच्या आसपास गाणी रचली असं सांगतात.

आता ही गाणी कुठे गायली जायची, ते पाहू. महात्मा फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या विचाराच्या लोकांनी तमाशाचा बाज घेऊन जलसे सुरू केले. तमाशातले गण, गवळण, वग लोकांच्या ओळखीचे होते. तोच साचा घेऊन त्यात सावकारी, अंधश्रद्धा, शिक्षण असे विषय घातले. त्यातूनच पुढे आंबेडकरी जलसा आला. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचा जलसा नावाजलेला होता. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, अशा अर्थाचं बाबासाहेब त्याबद्दल बोलल्याचं सांगतात. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक ही दोन वेगळी माणसं, बरं का. आडनाव एक असल्यामुळे पुष्कळ जण घोटाळा करतात.

सभेचं काम जलसा कसा करतो? कारण साधं आहे. भाषण ऐकून घरी गेल्यावर त्यातलं फार थोडं आठवतं. गाणं मात्र दुसऱ्या दिवशी निंदणी करतानाही तोंडात येतं. त्यातही चाल ओळखीची असेल तर नवीन शब्द लवकर बसतात. म्हणून लोककवी ओळखीची चाल धरतात. आधी ध्रुवपद येतं, ते सगळ्यांना येईल इतकं सोपं ठेवतात. मग तीन-चार कडवी. प्रत्येक कडव्यानंतर मागचे लोक झील धरतात, म्हणजे ध्रुवपद पुन्हा म्हणतात. वाचता न येणारी बाईसुद्धा तिसऱ्या कडव्यापर्यंत गाण्यात सामील झालेली असते. पेटी आणि ढोलकी असली की झालं, फार साहित्य लागत नाही.

आणि आता आपल्या आजच्या मुद्द्याकडे येऊ. शेवटचं कडवं. वामनदादांच्या पुष्कळ गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येतं. त्याला नाममुद्रा म्हणतात. ही रीत जुनी आहे. जनाबाईंच्या अभंगात ‘जनी’ येतं, तुकोबांच्या अभंगात ‘तुका’ येतं. आपण ते भक्तीचा भाग म्हणून ऐकतो. पण त्याचा व्यवहारातला उपयोगही समजून घ्या. ज्या काळात गाणं कागदावर नसतं, तोंडातून तोंडात जातं, त्या काळात रचणाऱ्याचं नाव गाण्याच्या आतच शिवून टाकलं तर ते सहज निघत नाही. काढायला गेलं तर ओळ तुटते, यमक मोडतं. वहीवर लिहिलेलं नाव पान फाटलं की गेलं. गाण्यातलं नाव गाण्याबरोबर गावोगाव जातं.

वामनदादांच्या बाबतीत याची गरज मोठी होती. ते एका जागी बसून लिहिणारे नव्हते. गावोगाव फिरायचे, लोकांच्या घरी उतरायचे, कार्यक्रम करायचे, शिष्यांना गाणी द्यायचे. त्यांची पुस्तकंही निघाली. 1973 साली ‘वाटचाल’, 1976 साली ‘मोहळ’, 1977 साली ‘हे गीत वामनाचे’. 1996 साली ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आलं. ‘पंचारती’सारख्या मराठी सिनेमासाठीही त्यांनी गीत लिहिलं. पण पुस्तकात आली त्यापेक्षा कितीतरी जास्त गाणी लोकांच्या तोंडी राहिली. ती आजही ओळखू येतात, त्याला एक कारण ती नाममुद्रा आहे.

नाव टिकलं, पण पैशाचं काय? त्याचा हिशोब गटाच्या वहीसारखा मांडून बघू. समजा एका गायन पार्टीला जयंतीची सुपारी मिळाली, 12,000 रुपये. त्यातले 3,000 गाडीला गेले. पेटीवाला, ढोलकीवाला आणि झील धरणारे तिघे असे पाच जण, प्रत्येकी 1,200 प्रमाणे 6,000. उरले 3,000, ते मुख्य गायकाचे. या हिशोबात गाणं लिहिणारा कुठे आहे? कुठेच नाही. तो स्वतः गायला उभा राहिला तरच त्याला बिदागी मिळते. दुसऱ्या दहा पार्ट्यांनी त्याच रात्री त्याचंच गाणं गायलं, तरी त्याच्या घरी एक रुपया येत नाही. शिवाय हा धंदा हंगामी. जयंतीचे दिवस आणि उन्हाळा सोडला, पाऊस लागला की सुपाऱ्या बंद. पुढे कॅसेट आल्या, मग सीडी, आता मोबाइल. ऐकणारे वाढले, पण लिहिणाऱ्याच्या वाट्याचा प्रश्न तसाच राहिला.

मैत्रिणींनो, या सगळ्यात आपण बायका कुठे आहोत? आपणच तर सगळ्यात जास्त गाणी रचली. जात्यावर, पाळण्याजवळ, हळदीला, भुलाबाईला. पण ओवीत बाई भावाचं नाव घालते, लेकाचं घालते, पंढरीच्या पांडुरंगाचं घालते. स्वतःचं नाव क्वचितच घालते. म्हणून लाखो ओव्या राहिल्या आणि रचणाऱ्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी कार्यकर्त्यांसोबत खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहून घेतलं. आज त्यातल्या ओव्या ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि शेजारी त्या बाईचं नाव दिसतं. त्यात आपल्या मराठवाड्यातल्या, बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत.

आपल्याच शहरातल्या कडुबाई खरात यांना तुम्ही मोबाइलवर ऐकलं असेल. हातात एकतारी आणि खणखणीत आवाज. मोठा मंच नव्हता, तरी साध्या व्हिडिओंमधून त्यांचा आवाज राज्यभर पोचला. म्हणजे आता बाईचं गाणं पसरायला कुणाची परवानगी लागत नाही. पण पसरणं सोपं झालं, तसं नाव गळणंही सोपं झालं.

हे आम्ही उगाच सांगत नाही. आमच्या एका गटातल्या मावशींनी दारूबंदीवर गाणं रचलं होतं. हळदीकुंकवाला म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मोबाइलवर घेतलं. वर्षभराने तेच गाणं दुसऱ्या तालुक्यातल्या एका कार्यक्रमात वाजलं, आणि रचना म्हणून भलत्याच माणसाचं नाव सांगितलं गेलं. मावशी म्हणाल्या, ‘जाऊ द्या, गाणं तर गेलं ना लोकांपर्यंत.’ पण त्या दिवशी त्या बैठकीत फारसं बोलल्या नाहीत. पैशाचा प्रश्नच नव्हता. दारूने ज्यांचं घर मोडलं, त्यांनीच ते गाणं केलं होतं.

मग करायचं काय? आधी कायदा काय म्हणतो ते सोप्या भाषेत ऐका. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्याप्रमाणे गाण्याचे शब्द ज्याने स्वतः रचले, त्याचा त्यावर हक्क असतो. त्यासाठी सरकारी नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. नोंदणी असली तर पुरावा म्हणून उपयोग होतो, एवढंच. हा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. वामनदादा 2004 ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत आहे. जुनी पारंपरिक ओवी कुणा एकीची नसते, ती कुणीही गावी. पण तुम्ही स्वतः नवीन शब्द रचले असतील तर ते तुमचे.

दुसरी गोष्ट. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. तोंडी ‘घ्या हो’ म्हटल्याने हक्क त्यांच्या नावावर होत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो. म्हणून स्टुडिओवाल्याने किंवा चॅनलवाल्याने कागद पुढे केला, तर ‘कायमचे सर्व हक्क’ असे शब्द आहेत का ते आधी बघा. 2012 साली कायद्यात बदल झाला. त्यानंतर सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या कवीला आणि संगीतकाराला मानधनातला वाटा मागण्याचा हक्क मिळाला. हा वाटा गोळा करण्यासाठी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे.

आता गटात करता येतील अशा चार गोष्टी. एक, ठरावाच्या वहीसारखी गाण्याची एक वही ठेवा. गाणं, रचणारीचं पूर्ण नाव, गाव, तारीख, आणि कोणत्या चालीवर आहे तेही लिहा. जिला लिहिता येत नाही तिचं गाणं दुसरीने लिहावं, पण खाली सही किंवा अंगठा तिचाच. दोन, मोबाइलवर गाणं घेताना सुरुवातीलाच म्हणायचं, ‘हे गाणं अमक्या गावच्या अमकीने रचलं आहे.’ तीन, कुणी गाणं मागितलं तर जरूर द्या, पण नाव घेण्याच्या अटीवर, आणि पैशाचा व्यवहार असेल तर कागदावर. चार, जमेल तिथे शेवटच्या कडव्यात आपलं नाव घाला.

चौथी गोष्ट ऐकून काही जणी लाजतात. बाईने स्वतःचं नाव घेऊ नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण नवऱ्याचं नाव आपण उखाण्यात यमक जुळवून घेतोच की. ज्या हाताला यमक येतं, त्याला स्वतःचं नाव बसवणं अवघड नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की शेवटची पंधरा मिनिटं गाण्यासाठी ठेवा. आपल्या गटात कुणी काय रचलंय ते विचारा, आणि सगळ्यात वयस्कर सदस्यापासून सुरुवात करा. वहीचं पहिलं पान त्यांचं असू द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.