दोन ढेकूण : एक लोंबीवरचा, एक बाजेतला

राधानगरी, गगनबावडा, आजरा भागात भाताच्या दाण्यात दूध भरू लागलं, की एखाद्या वावरात शिरताच उग्र वास येतो. घरातला ढेकूण चिरडल्यावर येतो, त्याच जातीचा. या किडीचं नावच लोंबीवरील ढेकण्या.

नावातलं नातं खरं आहे. दोघंही अर्धपंखी गटातले. चावायला जबडा नाही, सुईसारखी सोंड असते. पिल्लं अंड्यातून निघतात तीच आईबापाच्या वळणाची. मधे अळी नाही, कोष नाही. पाच वेळा कात टाकली की मोठी.

ढेकण्या सडपातळ, हिरवट-तपकिरी, लांब पायांचा. तो दाण्यातलं दूध ओढतो आणि दाणा पोचट राहतो. सकाळ-संध्याकाळ लोंबीवर, दुपारी खाली बुडख्यात; तेव्हा बघायचं तर सकाळीच. भात नसताना तो बांधावरच्या गवतावर जगतो. म्हणून भात निसवण्याआधी बांध साफ हवेत.

घरातल्याला उडता येत नाही. तो येतो सामानातून, जुन्या पलंगातून, प्रवासातल्या पिशवीतून. घर घाण म्हणून ढेकूण झाले, असं ऐकून कितीतरी सुना गप्प बसतात. पण स्वच्छ घरातही तो होतो. उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो, त्यामुळं खोली चार दिवस बंद ठेवून काही होत नाही. तो रोग पसरवतो असं आढळलेलं नाही. झोप मात्र उडवतो.

आता आम्ही ज्यासाठी बोलायला बसलो ते. शेतातलं उरलेलं औषध पलंगावर मारू नका. शेतात वारा असतो, ऊन असतं, काढणीपर्यंत दिवस जातात. बंद खोलीत तेच औषध रात्रभर आपल्या श्वासात जातं, आणि लेकरू गादीलाच तोंड लावतं. एवढं करून फटीतल्या ढेकणापर्यंत ते नीट पोचत नाही, आणि बऱ्याच ढेकणांना औषधं पचलीही आहेत.

त्यापेक्षा बाज अंगणात काढा, सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओता. चादरी, वाकळा उकळत्या पाण्यात घाला. भिंतीच्या फटी बुजवा. आठ-दहा दिवसांनी हेच परत करा, कारण राहिलेल्या अंड्यांतून तोवर पिल्लं निघतात.

कुणी आधीच फवारलं असेल आणि चक्कर, उलटी, लाळ गळणं दिसलं, तर माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. औषधाची बाटली सोबत घ्या, डॉक्टरांना तिच्यावरचं नाव लागतं.