‘स्वामी’मधलं तुमचं आवडतं पात्र कोणतं?

पुण्यात ‘स्वामी’ मालिकेचा विषय निघाला की गप्पा लगेच पात्रांवर येतात. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची ही मालिका १९८७ मध्ये दूरदर्शनवर आली. दिग्दर्शक होते गजानन जागीरदार.

माधवराव (रवींद्र मंकणी): पानिपताच्या धक्क्यानंतर, १७६१ मध्ये, ऐन सोळाव्या वर्षी पेशवेपद अंगावर आलं. डोक्यावर कर्ज, समोर निजाम आणि हैदर अली, घरात काका राघोबादादा. मंकणींचा राग आधी डोळ्यांत दिसतो, आवाज नंतर चढतो. मला तेच फार भावतं.

माधवरावांच्या पत्नी रमाबाई (मृणाल देव, आताच्या मृणाल कुलकर्णी): पुण्याच्याच या मुलीने कोवळ्या वयात ही भूमिका केली आणि रमाबाई म्हटलं की तोच चेहरा आठवू लागला.

राघोबादादा (श्रीकांत मोघे): खरा वाद इथेच रंगतो! दादांना नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. १७५८ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरला पोचल्या होत्या. पण सत्तेचा मोह सुटला नाही. १७६८ मध्ये धोडपला ते पुतण्याकडून हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. पराक्रम आणि हाव एकाच माणसात असल्यामुळेच हे पात्र इतकं जिवंत वाटतं.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले, रमाबाई सती गेल्या. तिथल्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला जाल तेव्हा नदीकाठची त्यांची समाधीही जरूर पाहा.

आता सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूचे? कारणासकट लिहा!