पाचोळ्याची माती

जंगलातील झाडांना खत घालायला कोणी जात नाही. तरीही ती वर्षानुवर्षे वाढत असतात. गळलेल्या पानांतच त्यांची बरीचशी शिदोरी असते. मात्र पानांत बांधला गेलेला नत्र आणि स्फुरद मुळांना बहुतांशी जसाच्या तसा घेता येत नाही. तो मोकळा करण्याचे काम विकरे, म्हणजेच एन्झाइम, करतात.

१८९७ साली एडुआर्ट बुख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते, असे दाखवून दिले. आंबविण्याचे काम करणारी विकरेही जिवंत पेशीबाहेर काम करतात, हे त्यावरून सिद्ध झाले. जंगलातील बुरशी व जीवाणू याच गुणाचा उपयोग करतात. त्यांना पान गिळता येत नाही. म्हणून ते आपली विकरे पानावर सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात.

प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. सेल्युलेज सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. फॉस्फटेज स्फुरद सुटा करते. चिवट लिग्निन मात्र मुख्यतः काही विशिष्ट बुरशींच्या विकरांनाच दाद देते. शिवाय विकरे ही प्रथिने असल्याने ती घडविण्यास नत्र लागतो, आणि ती कार्यरत राहण्यास ओलावा व ऊब लागते.

याचा प्रत्यय हिमालयातील कुमाऊं प्रदेशात येतो. तेथे सुमारे १५०० ते २००० मीटर उंचीवर बांज आणि चीड हे वृक्ष काही ठिकाणी एकत्र वाढतात. बांजाचे पान नत्राने अधिक समृद्ध असल्याने लवकर कुजते. चिडाची सुई राळयुक्त आणि नत्राने दरिद्री असते; ती कुजविताना सूक्ष्मजीव उलट मातीतीलच नत्र ओढून घेतात. दोन्हींचा पाचोळा एकत्र पडला, तर बांजाच्या पानांतील नत्र बुरशीच्या तंतूंवाटे सुयांपर्यंत पोहोचू शकतो व त्यांच्या कुजण्यास हातभार लागतो. अर्थात प्रत्येक मिश्रणात असेच घडते असे नाही. काही पानांतील टॅनिन विकरांना जखडूनही ठेवते.

जेथे केवळ चीड उरतो, तेथे उन्हाळ्यात गळलेल्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, कोरडा थर साचतो. ओलाव्यावाचून विकरे मंदावतात. मग त्यांनी सावकाश केले असते ते काम वणवा घटकाभरात उरकतो, आणि मातीला मिळावयाचा बराचसा नत्र धुराबरोबर निघून जातो. बांज तोडला गेला, की त्या डोंगरावर वणव्याला रान मोकळे मिळते.