दगडाखालचे आप्त

रत्नागिरी-मालवणचा समुद्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पण ओहोटीच्या वेळी खडकाखाली वाकून कितीजणांनी पाहिले आहे? तेथे दगडाला घट्ट चिकटलेला एखादा बुळबुळीत गोळा आढळतो. दाबला, तर त्यातून पाण्याची चिळकांडी उडते. ही सागरी पिचकारी. शास्त्रज्ञ तिला ॲसिडियन म्हणतात.

तिला दोन तोंडे असतात. एकातून पाणी आत जाते, अन्नाचे कण गाळले जातात आणि दुसऱ्यातून पाणी बाहेर पडते. तिच्या अंगावरच्या आवरणात सेल्युलोज असते, म्हणजे आपल्या सुती धोतरात असते तेच द्रव्य! ॲरिस्टॉटलने तिला शिंपल्यांच्या पंक्तीला बसविले होते. १८६६ मध्ये कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने तिचे पिलू तपासले. बेडकाच्या पिलासारखी त्याला शेपटी असते आणि त्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो. थोडा काळ पोहून ते डोक्याकडून दगडाला चिकटते आणि शेपटी जिरवून टाकते. आपल्या कण्याची पूर्वखूण तिच्या बालपणी अशी दिसून जाते. २००६ च्या सुमारास झालेल्या जनुकांच्या अभ्यासानेही कणा असलेल्या प्राण्यांचे हेच सर्वांत जवळचे आप्त ठरले.

आता त्यांच्या भेटीला केव्हा जावे? कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला. म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, अंधारात. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी सकाळी साडेसातला. उधाणाचा जोर असतो आणि उजेडही कोवळा. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे हटत नाही. हिशेब ढोबळ आहे. छापील कोष्टक पाहूनच निघावे. तासभर आधी पोहोचावे, कालवांच्या धारेपासून पाय जपावेत आणि समुद्राकडे पाठ करू नये. पावसाळ्यात तर जाऊच नये.

कपारीत, दगडाच्या सावलीच्या अंगाला शोधावे. काही पिचकाऱ्या एकेकट्या असतात. काहींच्या वसाहती रंगीत साईसारख्या पसरतात. उघड्यावर त्या मिटून घेतात, म्हणून छायाचित्र डबक्यातल्या पाण्याखाली असतानाच घ्यावे. आपली सावली पडली की तोंडे मिटतात. पाचदहा मिनिटे निश्चल थांबावे. पाण्यावर आभाळ चमकते, त्याला काळ्या छत्रीचा आडोसा पुरतो. साधा मोबाइलही चालेल. आधी जागेचे चित्र, मग जवळून तोंडांचे; शेजारी मोजपट्टी ठेवावी. तारीख आणि ठिकाण टिपून ठेवावे.

कोणी विचारील, बाटलीत भरून का आणू नये? कारण औषधी द्रवात त्यांचा रंग उडतो. नेमकी जात ठरवायला पुष्कळदा आतील रचना पाहावी लागते, हे खरे; ते काम अभ्यासकांचे. पण जिवंतपणीचा रंग आणि उघडी तोंडे अभ्यासकालाही आपल्या चित्रातूनच कळतील.

शेवटी एकच विनंती. उलटलेला दगड होता तसा, त्याच अंगावर हलकेच ठेवा. तो उताणा राहिला, तर खालची सगळी वस्ती उन्हाने मरते. आप्तांच्या घरी गेलो, तर निघताना दार लावून घेणे हा आपला रिवाजच आहे.