आजारी समुद्रपक्षी: दया करा, पण जपून

थंडी पडू लागली की मालवण, तारकर्ली, हर्णै या भागांत होडीतून फिरायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. याच दिवसांत कुरव पक्षी, ज्यांना आपण सीगल म्हणतो, थव्याथव्यांनी आपल्या किनाऱ्यावर उतरतात. अशा सहलीत एखादा पक्षी पाण्यावर पंख टाकून पडलेला दिसतो. मुले हट्ट धरतात, कोणीतरी वाकून त्याला वर घेतो, पाणी पाजतो. चोच लागून बोट फाटले की मंडळी दवाखान्यात येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, कुत्रा चावल्यावरची इंजेक्शने घ्यावी लागतील का?"

याची गरज नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. पक्ष्याच्या चोचीमुळे तो होत नाही. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टींची.

धोका कशाचा?

पहिला धोका बर्ड फ्लूचा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला या रोगाने कोंबड्या मेल्या, ते पुष्कळांना आठवत असेल. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत कावळे व इतर पक्षी मेले. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण जगभर नोंदवलेल्या एच५एन१ रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावले आहेत. आजारी पक्ष्याची लाळ, नाकातील स्राव व विष्ठा यांतून विषाणू बाहेर पडतात आणि आपल्या नाका-डोळ्यांतून शरीरात शिरतात. म्हणजे धोका चावण्यापेक्षा हात तोंडाला लावण्यात अधिक आहे. दुसरा रोग सिटॅकोसिस. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासाबरोबर आत गेल्याने न्यूमोनियासारखा आजार होतो. तिसरा धोका डोळ्याला. घाबरलेला बगळा समोरच्याच्या डोळ्यावर चोच मारतो.

होडीत काय करावे?

१) सर्वांनी एका बाजूला धावू नये, होडी कलंडते. शिडाची होडी तर वाऱ्याने आधीच एका बाजूला झुकलेली असते. लाइफ जॅकेट काढू नये, पाण्यात उडी मारू नये. पक्षी घ्यायचा की नाही, हे तांडेलाला ठरवू द्यावे.

२) एकाच मोठ्या माणसाने, नाका-तोंडावर रुमाल बांधून, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून, वरून टॉवेल टाकून पक्षी उचलावा. चेहरा दूर ठेवावा. मुलांना हात लावू देऊ नये.

३) छाती दाबून धरू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते; छातीचे हाड हलते तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो.

४) चोच दोऱ्याने बांधू नये. पाणकावळ्याला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, तो चोचीनेच श्वास घेतो.

५) पाणी किंवा अन्न तोंडात घालू नये. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते, पाणी थेट फुप्फुसात जाते.

६) गळ किंवा तंगूस अडकला असेल तर ओढू नये. तंगूस वीतभर ठेवून कापावा.

७) भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे. किनाऱ्यावर येताच वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार असा पक्षी घरी पाळता येत नाही.

एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले किंवा माना वाकड्या करून पडलेले दिसले, तर मात्र एकालाही हात लावू नये. पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

नंतरची काळजी

हात साबणाने नीट धुवावेत. फ्लूच्या विषाणूचे बाहेरचे आवरण चरबीयुक्त असते, साबणाने ते फुटते. नुसते समुद्राच्या पाण्यात हात खळबळून भागत नाही. हात धुतल्याशिवाय होडीत खाऊ नये, विडी-सिगारेट ओढू नये. कपडे वेगळे धुवावेत. घरी कोंबड्या असतील तर अंघोळ करून, चपला धुऊनच खुराड्याकडे जावे.

जखम साबणपाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. समुद्राच्या पाण्यात भिजलेली जखम मधुमेही किंवा यकृताच्या रुग्णात झपाट्याने चिघळू शकते. सूज, लाली किंवा वेदना वाढू लागल्यास रात्र जाऊ देऊ नये.

पुढचे दोन आठवडे तब्येतीकडे लक्ष ठेवावे. ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही आढळले, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून दिवस काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि आजारी पक्षी हाताळल्याचे आपणहून सांगा. बर्ड फ्लूवरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. डॉक्टरला नाडी पाहून ताप कळतो. तुम्ही होडीत काय उचललेत, ते तुम्हीच सांगायला हवे.