खोडावरचा भुसा वाळवीचा की अळीचा? औषध ओतण्याआधी पट्टी ओढून पाहा

पेरूच्या झाडावर, फांद्या फुटतात त्या बेचक्यात तपकिरी भुशाची वेडीवाकडी पट्टी दिसते. लांबून ती वाळवीची माती वाटते आणि तिथेच फसगत होते. बुंध्याशी वाळवीचे औषध ओतले जाते, खरी कीड मात्र वर लाकडात सुखरूप राहते.

ओळखायचे कसे?

पट्टी बोटाने ओढून पाहा. नुसती माती चुरली, तर वाळवी. जाळीसारखी सलग उचलली गेली आणि तिच्यात रेशमी धाग्यांनी गुंफलेला भुसा व विष्ठा दिसली, तर ती साल खाणारी अळी. शास्त्रीय नाव इंडरबेला. ही पतंगवर्गीय कीड आहे. पेरू, बोर, आवळा, आंबा, लिंबूवर्गीय झाडे, अगदी शेवग्यावरही ती येते.

आंब्याच्या बुंध्यातील छिद्रातून भुसा बाहेर पडतोय, पण जाळी नाही, अशा वेळी संशय भुंगेऱ्याच्या अळीवर घ्यावा. ती मोठी, पांढुरकी, बिनपायाची असते आणि थेट लाकूड खाते.

दिवसा का सापडत नाही?

इंडरबेलाची अळी दिवसभर खोडात केलेल्या भोकात लपते. रात्री जाळीच्या आडोशाने बाहेर येऊन साल कुरतडते. त्यामुळे पानांवर कितीही फवारणी केली तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. साल गेली की अन्नरस अडतो, फांदी वाळते. लहान झाड दगावूही शकते.

या किडीची वर्षाला एकच पिढी होते, ही शेतकऱ्याच्या फायद्याची बाब. पावसाळ्याच्या तोंडावर पतंग सालीच्या फटीत अंडी घालतात. ८ ते १० दिवसांत ती उबतात आणि अळी पुढे ९ ते ११ महिने त्याच झाडावर राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अळ्या लहान आणि भोके उथळ असतात. बाग तपासायची ती तेव्हाच.

उपाय काय?

आधी जाळी खराट्याने झाडून काढा, म्हणजे भोक उघडे पडते. त्यात सायकलचा स्पोक किंवा लवचिक तार घालून अळी मारा. तार पोहोचत नसेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून तोंड चिखलाने लिंपा. (त्या वेळी जवळपास विडी-काडी नको.) चार-आठ दिवसांनी पुन्हा फेरी मारा. ताजी जाळी दिसली, तर अळी जिवंत आहे.

जुन्या माहितीपत्रकांत बोळ्यासाठी डायक्लोरव्हॉस सुचवलेले आढळते. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे कपाटातली जुनी बाटली काढू नका. दुसरे कीटकनाशक घेताना लेबलवर आपल्या पिकाचे नाव आहे का, ते वाचा.

बोर्डो पेस्टबद्दलही गैरसमज आहे. खोडाला १० टक्के पेस्ट लावणे चांगलेच, पण ते बुरशीनाशक आहे. भोकातली अळी त्याने मरत नाही.

दाट, छाटणी न झालेल्या जुन्या बागांत ही कीड जास्त असते. वाळलेल्या फांद्या कापून बागेबाहेर न्या आणि फेरी मारताना बांधावरचा शेवगा व बोरही पाहा. बऱ्याचदा सुरुवात तिथूनच झालेली असते.