नेतृत्व एकाचे नव्हे, अनेकांचे : जामखेडचा धडा

समाजकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच पुढारी उभा राहतो. तो बोलतो, बाकीचे ऐकतात. परंतु आज आपल्या समाजात डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, वकील, अभियंते, बँक कर्मचारी असे निरनिराळ्या व्यवसायांतील लोक तयार झाले आहेत. प्रत्येकाचे ज्ञान वेगळे आहे. हे ज्ञान एकत्र कसे आणावे आणि त्यात पुढारपण कोणी करावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका प्रयोगात सापडते.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका दुष्काळी. लोकांची पहिली गरज औषधाची नव्हती, ती अन्नाची आणि पाण्याची होती. त्यामुळे डॉक्टर असूनही त्यांना विहिरी, शेती आणि मुलांचा आहार यांत लक्ष घालावे लागले. एकट्या वैद्यकशास्त्राने आजार हटत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट झाले.

प्रारंभी गावांत प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या; पण बाहेरून आलेल्या परिचारिकेला गावात राहणे जड जाई आणि गावालाही ती आपली वाटत नसे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी व तिला प्रशिक्षण द्यावे, असे ठरले. या आरोग्य सेविकांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित समाजातील होत्या. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी प्रशिक्षणासाठी एकत्र राहणे, एकत्र जेवणे त्या काळी सोपे नव्हते. तरी ते घडले. ज्या बाईला गावात पाण्यासाठी लांब उभे राहावे लागे, तिच्याच हातून पुढे गावातील बाळंतपणे होऊ लागली.

येथे सामूहिक नेतृत्वाचे मर्म आहे. परिचारिका, समाजसेवक व डॉक्टर यांचे पथक गावात जाई. त्याला वाट दाखवणारी मात्र आरोग्य सेविका असे. कोणत्या घरी गरोदर बाई आहे, कोणते मूल सुकत चालले आहे, हे तिलाच ठाऊक. अवघड बाळंतपण आले की निर्णय डॉक्टरांचा. पाण्याचा वा शेतीचा प्रश्न आला की शेतकरी मंडळ पुढे. म्हणजे नेतृत्व पदाला चिकटलेले नव्हते. प्रश्न बदलला की पुढे चालणारा माणूस बदलत असे.

परिणाम काय झाला? १९७१ च्या सुमारास या भागात हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण ३० च्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही सामुदायिक नेतृत्वासाठी, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. २००५ पासून काम करू लागलेली ‘आशा’ हीदेखील गावातलीच स्त्री असते.

काहीजण म्हणतील, सर्वांचे नेतृत्व म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही. ही शंका रास्त आहे. याबाबत बँकेचा नित्याचा व्यवहार उपयोगी पडतो. व्हाउचर एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासून पास करायचे, रोखपालाने रक्कम द्यायची. संगणक आला तरी नोंद करणारा एक व मंजुरी देणारा दुसरा ही पद्धत कायम आहे. काम अनेकांचे, पण सही प्रत्येकाची वेगळी. चूक झाल्यास ती कोठे झाली, हे लगेच कळते. समाजकार्यातही हेच हवे.

आपल्यासमोरचे उदाहरण घेऊ. वस्तीतील एक मुलगी दहावीनंतर घरी बसते. तिचे गुण चांगले होते, हे शिक्षकाला माहीत. तिला रक्तक्षय आहे, हे परिचारिकेला माहीत. बँक खाते आधारशी न जोडल्याने शिष्यवृत्ती अडकली, हे बँकेतल्या माणसाला कळू शकते. घरात तिच्या लग्नाची घाई चालली आहे, हे शेजारणीला माहीत. आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या विवाहाबाबत कायदा काय सांगतो, हे वकिलाला. पाचजण पाच ठिकाणी बसले, तर मुलगी हातची जाते. पाचजण एका सतरंजीवर बसले, तर तिचे शिक्षण वाचते. अशा बैठकीत शेजारणीचे म्हणणे आधी ऐकावे, कारण त्या घराचे दार तिलाच उघडे आहे.

यासाठी संस्थांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, ठरलेल्या दिवशी बैठक व्हावी आणि कोणी काय करायचे, कधीपर्यंत करायचे, हे वहीत नावानिशी लिहावे. दुसरी, प्रत्येक प्रश्नाचा पाठपुरावा करणारी एकच व्यक्ती नेमावी. ती पदाने मोठी असलीच पाहिजे असे नाही. तिसरी, कुटुंबाची खाजगी माहिती बैठकीबाहेर जाऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

पदवी माणसाला ज्ञान देते, पण दुसऱ्याचे ऐकण्याची सवय ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते. आज जे विद्यार्थी वेगवेगळ्या शाखांकडे जात आहेत, त्यांनी आपल्या शाखेबरोबर ही सवयही शिकावी. उद्या समाजाला मोठ्या पुढाऱ्यापेक्षा अशा सहकाऱ्यांचीच अधिक गरज भासणार आहे.